पुंज-संगणन : आरंभ कोठून करावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी नाट्यसंगीत, संतवाङ्मय किंवा बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाचे जीवन असे विषय व्यासपीठावरून ऐकावयास मिळावेत, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या मालिकेत 'क्वांटम कॉम्प्युटिंग' हा विषय पाहून काही मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील. त्यातून वक्ता कोण, तर केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकलेला एक बी. ए. अधिकारी! तेव्हा आरंभीच सांगितलेले बरे की या शास्त्रातील तज्ज्ञ म्हणून आम्ही येथे उभे नाही. गेली दोन-अडीच वर्षे कचेरीतून परतल्यावर रात्री तासभर या विषयाची ओळख करून घेण्याचा आमचा नेम आहे. डोंगर चढून गेलेला मनुष्य माथ्यावरची शोभा सांगतो. पण पहिल्या वळणावर पाऊल कोठे घसरते, हे चार पावले पुढे असलेल्या वाटसरूला अधिक ताजेपणाने सांगता येते. एवढ्याच अधिकाराने आम्ही बोलणार आहोत.

हा विषय निवडण्यास निमित्त झाले ते आपल्याच सभासदांचे. गेल्या वर्षभरात मंडळाच्या कार्यक्रमांत निरनिराळ्या व्यक्तींनी आमच्याजवळ एकच प्रश्न काढला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील एका मुलीने विचारला, संगणक-कंपनीत वीस वर्षे काढलेल्या एका गृहस्थांनी विचारला, आणि वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या एका वहिनींनीही विचारला : "हे शिकावयाचे तर कोठून आरंभ करावा? चांगले साधन कोणते?" त्या तिघांना वेगवेगळे दिलेले उत्तर आज आपणां सर्वांसमोर एकत्र मांडावे, असा आमचा हेतू आहे.

हा प्रश्न बंगळूरमध्ये विचारला जावा यात एक औचित्य आहे. डिसेंबर १९८४ मध्ये आपल्या या नगरीत संगणक, प्रणाली व संकेत-प्रक्रिया या विषयांवरील एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या कामकाजाच्या ग्रंथात चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार या दोन शास्त्रज्ञांचा अवघा पाच पानांचा एक निबंध आहे. प्रकाशकणांच्या साहाय्याने दोन व्यक्तींनी आपसांत गुप्त किल्ली कशी ठरवावी, याची युक्ती त्यांनी त्यात सांगितली. मध्येच कोणी चोरून ऐकू लागला तर त्या ऐकण्यानेच कणांची स्थिती बिघडते. जुळावयास हव्या असलेल्या अंकांपैकी सरासरी चारांतील एक चुकीचा निघतो, आणि चोर उघडा पडतो. आज साऱ्या जगात ही युक्ती 'बीबी-८४' या नावाने शिकविली जाते, आणि या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या संदर्भसूचीत 'बंगळूर, १९८४' ही अक्षरे छापलेली आढळतात. पुढे २०१८ साली या दोघांना पदार्थविज्ञानाचे वुल्फ पारितोषिक मिळाले. आपल्या मंडळातील किती जुन्या सभासदांनी त्या डिसेंबरात त्या सभागृहावरून सहज ये-जा केली असेल, आणि आत काय वाचले जात आहे याची कोणासही कल्पना नसेल!

त्यानंतरची वाटचालही बरीचशी आपल्या दाराशीच झाली आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापिलेल्या संशोधन संस्थेत आज पुंज-माहितीशास्त्राची प्रयोगशाळा आहे. भारतीय विज्ञान संस्थेत, जिला आपण बोलण्यात 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतो तेथे, २०२१ पासून पुंज-तंत्रज्ञानाचा एम. टेक. अभ्यासक्रम चालू झाला. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटी ६५ लाख रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले, आणि त्यातील चार केंद्रांपैकी संगणनाचे केंद्र याच विज्ञान संस्थेकडे आले. बंगळूरच्याच एका कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्युबिटांचा संगणक सादर केला. म्हणजे गंगा अंगणातून वाहते आहे. प्रश्न आहे तो ओंजळ कशी भरावी याचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या पिढीत एखादा विषय शिकावयाचा तर पुस्तक मिळत नसे. ग्रंथालयात नाव नोंदवून महिना-महिना वाट पाहावी लागे. आज अडचण नेमकी उलट झाली आहे. पुस्तके, व्याख्याने, चित्रफिती, शिकवण्या, प्रमाणपत्रे यांचा महापूर आला आहे, आणि नवशिका त्यात गटांगळ्या खातो. एक पुस्तक उघडावे तो पहिल्याच पानावर ग्रीक अक्षरांची पलटण; दुसरे उघडावे तो नुसत्या चमत्कारकथा. पहिल्याने मनुष्य घाबरतो, दुसऱ्याने फुगतो. शिकत मात्र कशानेही नाही.

सरकारी कचेरीत नस्ती हाती आली की प्रथम दोन गोष्टी पाहावयाच्या असतात : विषय काय, आणि मागणी काय. येथेही तोच शिरस्ता पाळावा. आपली मागणी काय आहे, हे साधन निवडण्यापूर्वी कागदावर एका वाक्यात लिहून काढावे. कोणाला वर्तमानपत्रातील बातमीचा अर्थ कळला म्हणजे पुरे असते. कोणाला संगणकाचे व्यावसायिक ज्ञान असते व त्यात ही नवी भर घालावयाची असते. कोणी विद्यार्थी पुढे संशोधन करू इच्छितो. या तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिल्याने संशोधकाचा ग्रंथ उघडला तर आठवड्यात निराशा येईल, आणि तिसऱ्याने नुसत्या गोष्टीरूप पुस्तकांवर भिस्त ठेवली तर वर्ष फुकट जाईल.

मागणी ठरली की साधनाची परीक्षा घ्यावी. आम्ही तीन कसोट्या लावतो.

पहिली कसोटी अशी : "पुंज-संगणक सर्व उत्तरे एकाच वेळी तपासतो व बरोबर उत्तर काढून देतो," असे जे पुस्तक किंवा जो व्याख्याता सांगतो आणि तेथेच थांबतो, त्यास नमस्कार करून पुढे जावे. हे विधान अर्धवट आहे. साध्या संगणकातील बिट ० किंवा १ असते. क्युबिट ही त्या दोहोंची मिश्र स्थिती असू शकते, आणि ३० क्युबिटांच्या स्थितीचे पूर्ण वर्णन करावयास १०७ कोटींहून अधिक अंक लागतात, हे खरे आहे. परंतु मोजमाप करताच हाती पडतात ते केवळ ३० बिट. बाकीचे सारे विरून जाते. मग लाभ कशात आहे? चुकीच्या उत्तरांकडे नेणारे मार्ग एकमेकांस खोडून काढतील आणि योग्य उत्तराकडे नेणारे मार्ग एकमेकांस बळ देतील, अशी रचना करण्यात. प्रकाशाच्या अभ्यासात ज्याला व्यतिकरण म्हणतात, तेच हे तत्त्व.

हे एका लहानशा हिशोबाने येथेच पाहू. नाणे उडविले की छाप किंवा काटा पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी. ते झाकून ठेवून, न पाहताच पुन्हा उडविले तरी शक्यता निम्मी-निम्मीच राहते. आता क्युबिटवर करावयाची एक प्राथमिक क्रिया घ्या. तिला हॅडमार्ड या फ्रेंच गणितज्ञाचे नाव दिलेले आहे. '०' स्थितीतील क्युबिटवर ती एकदा केली आणि मोजमाप केले, तर निम्म्या वेळा ० मिळते व निम्म्या वेळा १. येथवर नाणे आणि क्युबिट यांत भेद नाही. पण मध्ये मोजमाप न करता तीच क्रिया लागोपाठ दोनदा केली, तर दर खेपेस ० च मिळते! नाण्याच्या बाबतीत असे कधी घडणार नाही.

याचे कारण असे की पुंज-जगात प्रत्येक मार्गाला शक्यतेऐवजी एक निराळा अंक चिकटलेला असतो. त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. हा अंक ऋणही असू शकतो. एकाच उत्तराकडे जाणाऱ्या सर्व मार्गांच्या अंकांची बेरीज करावयाची, आणि त्या बेरजेचा वर्ग केला की शक्यता निघते. आपल्या उदाहरणात शेवटी १ मिळण्याचे दोन मार्ग आहेत. एकाचा अंक अधिक अर्धा, दुसऱ्याचा उणे अर्धा. बेरीज शून्य, म्हणून १ कधीच मिळत नाही. ० मिळण्याचेही दोन मार्ग आहेत. दोहोंचे अंक अधिक अर्धा. बेरीज एक, वर्गही एक. म्हणून ० खात्रीने मिळते. झाले! पुंज-संगणनाचे बीज एवढेच आहे, आणि त्यास सातवी-आठवीचे गणित पुरले. ज्या पुस्तकात असा हिशोब पहिल्या पन्नास पानांत येतो, ते पुस्तक विश्वासास पात्र समजावे.

दुसरी कसोटी : साधनाने आपल्या हाती पेन्सिल दिली पाहिजे. ज्यात सोडविण्यास उदाहरणे नाहीत, ते मनोरंजन होय. चित्रफीत पाहताना सारे समजल्यासारखे वाटते. ती बंद करून कोऱ्या कागदावर तोच हिशोब मांडावयास बसले की आपले खरे ज्ञान किती ते कळते. पोहणे काठावर उभे राहून शिकता येत नाही.

तिसरी कसोटी : या यंत्राला काय साधत नाही, हेही साधनाने सांगितले पाहिजे. १९९६ साली लव ग्रोव्हर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने शोधाची एक रीत सांगितली. क्रम न लावलेल्या दहा लाख नोंदींत एक नोंद शोधावयाची तर साध्या संगणकास सरासरी पाच लाख वेळा पाहावे लागते. ग्रोव्हर यांच्या रीतीने सुमारे ७८५ पायऱ्यांत काम होते. बचत मोठी आहे, पण तिला मर्यादा आहे. याउलट पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची जी रीत दिली, तिची झेप फार मोठी. तिच्यामुळे बँकांचे व सरकारांचे संकेत-कुलूप धोक्यात येऊ शकते. परंतु आजची यंत्रे गोंगाटाने ग्रस्त आहेत, आणि ते कुलूप उघडण्याइतके समर्थ यंत्र अद्याप जगात कोठेही बांधले गेलेले नाही. या कामास सुमारे दोन कोटी सदोष क्युबिट लागतील असा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०२५ साली तो दहा लाखांच्या आत आला. दोन्ही बाजू सांगणारा गुरू भेटला तर त्याचे पाय धरावेत.

आता प्रत्यक्ष साधने, आणि तीही क्रमाने. क्रमावर आमचा भर आहे, कारण चांगले पुस्तक अवेळी उघडले तर तेही वाईट ठरते.

प्रथम पूर्वतयारी. त्रिकोणमिती, संभाव्यता, सदिश, मॅट्रिक्स म्हणजे अंकांच्या चौकोनी मांडणीचा गुणाकार, आणि संमिश्र संख्या, एवढी शिदोरी हवी. ही सारी दहावी ते बारावीच्या क्रमिक पुस्तकांत आहे. घरातील मुलांची जुनी पुस्तके रद्दीत घालू नयेत. अॅव्हेन्यू रोडवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही अशी पुस्तके मिळतात. सदिशांचे गणित डोळ्यांसमोर उभे करणारी 'थ्री ब्लू वन ब्राउन' या नावाची २०१६ मधील चित्रमालिका विनामूल्य पाहता येते. अधिक खोल जाणाऱ्यांसाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निवृत्त प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानेही तशीच उपलब्ध आहेत. रोज तासभर दिला तर तीन महिन्यांत ही तयारी होते. भौतिकशास्त्राची पदवी आरंभासाठी लागत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगतो. कारण त्या भयानेच पुष्कळ जण उंबरठ्यावरून परततात.

केवळ जिज्ञासा असलेल्या वाचकाने टेरी रुडॉल्फ यांच्या 'क्यू इज फॉर क्वांटम' या २०१७ मधील लहानशा पुस्तकाने आरंभ करावा. पांढऱ्या व काळ्या चेंडूंच्या खेळातून, केवळ बेरीज-गुणाकारावर, लेखकाने व्यतिकरणापर्यंत नेऊन पोहोचविले आहे. हे लेखक पुंजयामिकीचे एक आद्य प्रवर्तक श्रोडिंगर यांचे नातू होत. त्यानंतर ख्रिस बर्नहार्ट यांचे 'क्वांटम कॉम्प्युटिंग फॉर एव्हरीवन' हे २०१९ मधील पुस्तक घ्यावे. त्यांनी संमिश्र संख्या टाळून साध्या संख्यांवर काम भागविले आहे. आमच्या मते बी. ए., बी. कॉम. झालेल्या, पण गणिताचे वावडे नसलेल्या गृहस्थास याहून योग्य पुस्तक नाही. निवृत्त शिक्षिका असलेल्या वहिनींना आम्ही हेच सुचविले.

संगणकाच्या व्यवसायातील मंडळींनी थॉमस वाँग यांचे २०२२ मधील पाठ्यपुस्तक पाहावे. साध्या संगणकाच्या द्वारांपासून आरंभ करून ते पुंज-द्वारांकडे नेते. पूर्वतयारी त्रिकोणमितीपुरतीच मागते, आणि लेखकाने ते विनामूल्य वाचावयास ठेवले आहे. डेव्हिड मर्मिन यांचे २००७ मधील पुस्तक तर संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांतूनच तयार झाले आहे. 'क्वांटम कंट्री' नावाचे २०१९ मधील विनामूल्य निबंध आहेत. त्यांत ठरावीक दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारून विसरण्यास वाव न देण्याची योजना आहे. पन्नाशीनंतर शिकणाऱ्यास हा उपाय फारच मानवतो.

संशोधनाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला मायकेल नील्सन आणि आयझॅक चुआंग यांच्या २००० साली निघालेल्या जाडजूड ग्रंथाला वळसा घालता येणार नाही. तो या विषयाचा प्रमाणग्रंथ आहे. मात्र तो दुसऱ्या वर्षी हाती घेण्याचा ग्रंथ आहे, आणि आमच्या पाहण्यात दहांपैकी आठ नवशिके प्रथम तोच विकत घेतात व तो कपाटाची शोभा वाढवीत राहतो. रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांचा १९६५ मधील तिसरा खंडही, कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेने खुला केल्यामुळे, आज कोणासही वाचता येतो. निसर्गाचे अनुकरण करावयाचे तर यंत्रही पुंज-नियमांचे हवे, हा विचार याच फाइनमन यांनी १९८१ साली एका भाषणात मांडला होता, हे ध्यानात ठेवून तो वाचावा.

व्याख्यानांच्या बाबतीत परदेशाकडे धाव घेण्याचे कारण नाही. आपल्या आयआयटी व विज्ञान संस्था यांनी मिळून चालविलेल्या 'एनपीटेल' उपक्रमात आयआयटी मुंबईचे दीपन घोष आणि आयआयटी मद्रासच्या प्राध्यापिका प्रभा मंडायम यांचे अभ्यासक्रम आहेत. ते ऐकण्यास पैसा पडत नाही. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असल्यास तेवढे अल्प शुल्क भरावे लागते.

आणि शेवटी प्रत्यक्ष यंत्र. मे २०१६ मध्ये आयबीएम कंपनीने पाच क्युबिटांचे आपले यंत्र इंटरनेटवरून सर्वांस खुले केले. आज त्याहून पुष्कळ मोठ्या यंत्रांवर महिन्याकाठी काही मिनिटे विनामूल्य काम करता येते. 'किस्किट' नावाची त्यांची आज्ञावली तर घरच्या साध्या लॅपटॉपवरही चालते. तिच्यात लहान पुंज-संगणकाची नक्कल करता येते. मघाचा हॅडमार्डचा हिशोब आधी कागदावर करावा, मग नकलेवर चालवावा, आणि मग खऱ्या यंत्रावर. कागद सांगतो की दर वेळी ० मिळेल. खरे यंत्र हजारांत काही वेळा १ दाखविते. तो गोंगाट! ज्या दिवशी आपल्या डोळ्यांनी तो पाहिला, त्या दिवशी वर्तमानपत्रातील अर्ध्या बातम्यांचा खरेखोटेपणा आपोआप समजू लागतो.

बंगळूरकरांस आणखी काही सोयी आहेत. विज्ञान संस्थेचा वार्षिक 'ओपन डे' सर्वांस खुला असतो. त्या दिवशी संशोधक विद्यार्थी स्वतः उभे राहून समजावून सांगतात. टी. चौडय्या मार्गावरील जवाहरलाल नेहरू तारांगणात, जे १९८९ पासून चालू आहे, विज्ञानाचे वर्ग व जाहीर व्याख्याने होतात. तेथे शंका विचारावयास लाजू नये. आमचा अनुभव असा की प्रश्न जितका साधा, तितका खरा शास्त्रज्ञ अधिक आनंदाने उत्तर देतो.

एक इशारा देणे कर्तव्य समजतो. अलीकडे पालकांच्या हाती पत्रके पडतात : दोन शनिवार-रविवारांत 'क्वांटम तज्ज्ञ' व्हा, प्रमाणपत्र घ्या, परदेशी नोकरी मिळवा; आणि शुल्क मध्यमवर्गीय घराच्या दोन-तीन महिन्यांच्या किराण्याएवढे. असे पैसे भरण्यापूर्वी शिकविणाऱ्यास विचारावे की अभ्यासक्रमात किती उदाहरणे सोडवून घेणार? उत्तर गुळमुळीत आले तर उठून यावे. बाजारात 'क्वांटम' नाव लावून पदके, गळ्यातील लोलक आणि आरोग्याचे उपायही विकले जातात. त्यांचा या शास्त्राशी काडीचाही संबंध नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगणे, हेही या शिक्षणाचेच फळ मानावे.

आता या व्याख्यानातील आमच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो. आतापर्यंत सांगितलेली बहुतेक साधने इंग्रजीत आहेत. आपली मुले शाळेत इंग्रजी शिकतात, रस्त्यावर कन्नड बोलतात, आणि मराठी ही जेवणाच्या पानापुरती उरते. "काय शिकतोस रे?" असे आजोबांनी विचारावे आणि नातवाने "तुम्हांला नाही कळायचे" म्हणून विषय संपवावा, असे घरोघर होत आहे. अशाने नातवाची भाषा खुंटते व आजोबांचे जग आक्रसते. ज्या भाषेत आपण नव्या ज्ञानाविषयी बोलत नाही, ती भाषा हळूहळू फक्त सणावारी नेसावयाच्या पैठणीसारखी होऊन बसते.

मराठीची झोळी रिकामी आहे असे मात्र नाही. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाने 'क्वांटम'साठी 'पुंज' हा सुटसुटीत शब्द फार पूर्वीच योजला, आणि तो कोश आज विनामूल्य वाचता येतो. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद व्याख्याने व पत्रिकेच्या द्वारे हेच कार्य करीत आली आहे. कोल्हापुरात जन्मलेले आणि मे २०२५ मध्ये आपल्यातून निघून गेलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी विश्वरचनेसारखा विषय आयुष्यभर मराठीतून सांगितला. ती वाट मळलेली आहे. आपण तीवरून चालावयाचे आहे. 'क्युबिट' हा शब्द तसाच राहू द्यावा, 'व्यतिकरण' घ्यावा, आणि 'एन्टँगलमेंट'ला 'गुंफण' म्हणून पाहावे. चालला तर चालला; न चालल्यास दुसरा शोधू. शब्द कोशात जन्मतात, पण जगतात ते बोलण्यात.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने एक छोटे अभ्यासमंडळ चालू करावे, अशी आमची नम्र सूचना आहे. महिन्यातून एक रविवार, मंडळाच्या वाचनालयात, दोन तास. वर्षभरात बारा बैठका. पहिल्या तीन बैठका गणिताच्या पूर्वतयारीस. चौथी-पाचवी एका क्युबिटाची. सहावी दोन क्युबिटांच्या गुंफणीची. सातवीत 'बीबी-८४' ही आपल्या गावात प्रसिद्ध झालेली युक्ती कागदाच्या चिठ्ठ्या आणि दोन नाणी घेऊन खेळून पाहावयाची. लहान मुलांनाही ती जमते. आठवीत डॉइच यांची पहिली रीत, नववीत ग्रोव्हर, दहावीत शोर यांच्या रीतीची रूपरेषा, अकरावीत प्रत्यक्ष यंत्रावर काम, आणि बारावीत सर्वांनी मिळून विज्ञान संस्थेस भेट. पुस्तक एकच ठरवावे. प्रत्येक बैठकीत एकाने फळ्यापाशी जाऊन एक उदाहरण सोडवावे व ते मराठीतून समजावून सांगावे. एका वहीत शब्दांची यादी वाढत जावी. गणित सांगावयास निवृत्त शिक्षिका आपल्यात आहेत. यंत्र चालवावयास तरुण मंडळी आहेत. चहाची व्यवस्था आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेतो, कारण तीस वर्षांच्या नोकरीत इतिवृत्त लिहिण्याचा सराव आम्हांस पुरेसा झाला आहे! आपल्या कन्नड शेजाऱ्यांपैकी कोणास यावेसे वाटले तर त्यांचेही स्वागतच आहे.

बंधुभगिनींनो, "चांगले साधन कोणते?" या प्रश्नाचे आमचे उत्तर आता आपल्या ध्यानात आले असेल. मागणी लिहून काढा, तीन कसोट्या लावा, क्रम मोडू नका, एका वेळी एकच पुस्तक धरा आणि पेन्सिल खाली ठेवू नका. परंतु पुस्तक, व्याख्यान आणि यंत्र ही तिन्ही मिळूनही एक उणीव राहते, ती सोबतीची. एकट्याने शिकणारा तिसऱ्या प्रकरणात अडतो, आणि त्या रात्री विचारावयास जवळ कोणी नसते. पन्नास वर्षे या मंडळाने परगावी आलेल्या मराठी माणसास गणपतीत, दिवाळीत आणि अडीअडचणीत सोबत दिली. शिकण्यातही ती सोबत मिळाली, तर पुढील पन्नास वर्षांचा आरंभ याहून चांगला कोणता होणार?

व्याख्यानानंतर ज्यांना अभ्यासमंडळात नाव द्यावयाचे असेल, त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. वयाची अट नाही, पदवीची तर नाहीच.